समुद्राची शिफ्ट

भिलाईत पाणीसुद्धा रिकामं बसत नाही. तांदुळा धरणातून निघतं, कारखान्यात हजेरी लावतं, तापलेलं लोखंड थंड करतं आणि पुन्हा ड्युटीवर जातं. हौसेने पाण्यावर बसायचं असेल तर मैत्रीबागेतली नाव. तिथून दर्याची भीती वाटत नाही, पलीकडच्या पांढऱ्या वाघांची वाटते.

अशा गावच्या माणसाची सासुरवाडी उरणची निघाली. दुर्गहून हावडा-मुंबई मेलने अकराशे किलोमीटर बिनघोर झोपत यायचं, हार्बरने डॉकयार्ड रोड गाठायचं आणि तिथून भाऊचा धक्का. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे ‘भाऊ’, यांनी मुंबईत धक्का बांधला. आजचा धक्का त्या जागी नाही, पण नाव भाऊंचंच. इथे मासळी उतरते आणि माणसं चढतात. दोन्ही कामं इतकी शेजारी चालतात की उरणला पोचेपर्यंत कोण कोण होतं ते वासावरून सांगता येत नाही. लाँचा एकीला एक लागून उभ्या असतात. आपली बहुधा शेवटची. मधल्या लाँचांवरून पाय टाकत जाताना खलाशी दंड असा पकडतो, की जावई आहोत हे विसरायला होतं.

खरी पंचाईत वेळेची. उरणच्या मोरा बंदरात गाळ फार, ओहोटी लागली की लाँच धक्क्याला लागत नाही. वेळापत्रक भिंतीवर असतं, पण शेवटची सही समुद्राची. मेहुणा पहिल्याच खेपेला म्हणाला होता, “दाजी, घड्याल बगू नका, पानी बगा.” आता मी कारखान्यातला माणूस. आमची फर्स्ट शिफ्ट सहाला म्हणजे सहाला. भरती मात्र चंद्राच्या तंत्राने रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. अशी सरकती शिफ्ट आमच्याकडे कुणी लावली असती, तर दुसऱ्या दिवशी युनियन गेटवर बसली असती. इथे सारं उरण निमूट वडापाव खात बसतं.

एकदा लाँचवर शेजारच्या कोळीणबाईंना मी अभिमानाने सांगितलं, की 2 सप्टेंबर 2022 ला नौदलात आलेल्या ‘विक्रांत’ला आमच्या सेल कंपनीने सुमारे 30 हजार टन पोलाद दिलं, त्यात आमच्या भिलाईच्या प्लेटा आहेत. बाईंनी पाटी सारखी केली आणि माझ्या हाताकडे बघत विचारलं, “मंग खांब कशाला धरलाय?”

12 जानेवारी 2024 ला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. उरणला लोकलही त्याच दिवशी पोचली. त्यामुळे बायको म्हणते, आता लाँचचा हट्ट कशाला? लोकलने चला, रूळ बहुधा तुमच्याच कारखान्याचे असतील. मुद्दा बिनतोड आहे. पण रुळांवर मी आयुष्यभर विश्वास ठेवलाच. उशीर कुणावर लोटता येत नाही असा प्रवास मला फक्त इथेच मिळतो. म्हणून ती पोरांना घेऊन लोकलने जाते आणि मी धक्क्यावर तिकीट काढून पाणी चढायची वाट बघतो. दुसरा चहा होतो न होतो तोच मेहुण्याचा फोन येतो, “दाजी, लोकलनं आले असते तर एव्हाना जेवून झोपले असते.”