ट्रकची टिकटिक बंद करण्याची सोपी पद्धत : खास नव्या मालकांसाठी

अभिनंदन! गळीत हंगामाच्या तोंडावर तुम्ही जुना सहा सिलिंडरचा ट्रक घेतलात, कारखान्याशी ऊसवाहतुकीचा करार केलात, मुकादमाला उचल दिलीत, चाकाखाली लिंबूही चिरडून झालं. आता इंजिन चालू केलं की आतून टिकटिक येते. सौदा ठरला त्या दिवशी ती नव्हती. का नव्हती, ते पुढे येईलच. आत्ता तुमचं काम एकच : हा आवाज बंद करायचा, आणि शक्यतो इंजिनला हात न लावता.

सुरुवात सल्ल्यापासून करा. सातारा-सांगलीत त्यासाठी कुठे जावं लागत नाही. इंजिन चालू ठेवून टपरीसमोर उभे राहा, सल्ला चालत येतो. या भागात इंजिनाबद्दल मत नसलेला माणूस सापडत नाही, आणि त्याला परंपरा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली ती लोखंडी नांगरांसाठी. साताऱ्याच्या धनजीशा कूपर यांचा कारखानाही नांगरापासून डिझेल इंजिनापर्यंत गेला, आणि स्वतः कूपर १९३७ मध्ये थेट मुंबई इलाख्याचे पहिले प्रीमियर झाले. इंजिनवाल्याने राज्य चालवलेला जिल्हा हा. मग टपरीवरच्या माणसाने तुमचा ट्रक चालवायला का मागे राहावं? तो सांगेल : दाट ऑइल टाका. दुसरा सांगेल : ऑइलमध्ये औषधाची बाटली टाका. तिसरा म्हणेल, डिझेल आहे, वाजणारच. या तिसऱ्याकडे लक्ष ठेवा. तो थोडासा बरोबर आहे.

सर्वांत स्वस्त उपाय ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी कधीच शोधून ठेवलाय. साखराळ्याच्या नाहीतर रेठऱ्याच्या रस्त्यावर रात्री अकराला थांबा. आधी गाणं गावात शिरतं, मग ट्रॅक्टर, मग त्याच्या दोन ट्रॉल्या. त्या इंजिनाची टिकटिक कित्येक हंगामांत कुणी ऐकलेली नाही. पण स्पीकर हा ऑइलचा प्रकार नसल्याने त्याचा विचार इथे करता येत नाही.

आता ऑइल निवडा. रूढ पद्धत बादली बघून निवडण्याची आहे. कडी मजबूत आहे का, झाकण नीट बसतं का? रिकामी बादली गोठ्यात जाणार की न्हाणीघरात, हे घरात आधीच ठरलेलं असतं. दुसरी पद्धत मिस्त्रींना विचारायची. काही बादल्यांत मिस्त्रींसाठी कूपन असतं. त्यांची शिफारस आणि कूपन एकाच बादलीत निघालं तर योगायोग समजा. तिसरी पद्धत फारशी चालत नाही. ती म्हणजे बादलीवरचं बारीक अक्षर वाचणं.

वाचलंतच तर १५डब्ल्यू-४० असं काहीतरी दिसेल. डब्ल्यू हिवाळ्याचा. १५डब्ल्यू म्हणजे उणे २० अंशांतही स्टार्टरला इंजिन फिरवता येईल इतपत ऑइल वाहतं राहतं. आपल्याकडे महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दंव गोठलं की पेपरात फोटो छापून येतो, तेव्हा एवढ्याची चैन म्हणूनच गणना करावी. मागचा ४० मात्र कामाचा : तो १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. बिगरहंगामात पुण्याहून माल भरून खंबाटकी चढताना आतलं ऑइल कुठवर तापतं, ते त्या घाटात बाजूला उभ्या केलेल्या गाड्यांना विचारा. त्याखाली सीएच-४, सीआय-४ प्लस किंवा सीके-४ असं लिहिलेलं असतं. गाडीच्या पुस्तकात जे आहे तेच घ्या. २०२० नंतरचा, बीएस-सहाचा ट्रक असेल तर यात अजिबात मनमानी नको. चुकीच्या ऑइलची राख धुराच्या फिल्टरमध्ये साचते, आणि त्याच्या बिलापुढे टिकटिक गोड वाटते.

पण तुम्हाला दाटच हवंय. ठीक. २०डब्ल्यू-५० ओता, किंवा जुन्या जाणत्यांप्रमाणे त्यात थोडं ९० नंबरचं गिअर ऑइल मिसळा. आवाज दबेल. तुमच्या आधीच्या मालकानेही बहुधा हेच केलं होतं, आणि म्हणूनच सौद्याच्या दिवशी इंजिन इतकं गुणी वाटलं. फरक एवढाच की त्याला गाडी एक दिवस चालवायची होती, तुम्हाला मार्चपर्यंत. डिसेंबरातल्या पहाटे हे दाट ऑइल वर रॉकरपर्यंत पोचायला वेळ घेतं, तोवर वरचे भाग कोरडे घासतात, आणि आणखी टिकटिकतात.

मग बाटली. ती साधारण तीनशे मिलीची असते आणि सहा सिलिंडरच्या चेंबरमध्ये चौदा-सोळा लिटर ऑइल बसतं. म्हणजे तुमचा उपचार दोन टक्के. शिवाय झीज रोखणारं जस्त-फॉस्फरसचं संयुग, काजळी धुणारी आणि धरून ठेवणारी द्रव्यं, हे सगळं चांगल्या डिझेल ऑइलमध्ये दहाव्या हिश्शाहून जास्त आधीच घातलेलं असतं. (नवं ऑइल चार दिवसांत काळं पडलं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. काजळी उचलणं हेच त्याचं काम.) अमेरिकेत स्लिक फिफ्टी नावाची अशी बाटली खूप खपली होती, झीज कमी करण्याच्या दाव्यांना पुरेसा आधार नाही म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये तिच्यावर कारवाई केली.

सगळ्या बाटल्या फसव्या असतात असं मात्र नाही. अमेरिकी पिकअपच्या इंजिनांत बहुधा हायड्रॉलिक लिफ्टर असतात. ऑइलच्या दाबावर ते वाल्वची फट आपोआप भरून काढतात. त्यांत चिकटा साचला की टिकटिक होते, आणि तो धुणारी बाटली कधीकधी खरंच काम करते. तुमच्या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात मात्र साधा स्क्रू आणि लॉकनट आहे. तिथे बाटलीला धुवायला काही नाही. जो अवयव तुमच्या गाडीला नाही, त्याचं औषध तुम्ही तिला पाजताय.

इथवर पैसे संपले असतील तर आवाज कुठून येतो ते बघायला हरकत नाही. मिरजेचा तंतुवाद्य कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना घोडीवर कानस मारतो, ऐकतो, पुन्हा मारतो. भोपळ्यात तेल ओतून सूर सुधारायचं त्याला सुचत नाही. तुम्हीही लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक रॉकर कव्हरवर, मूठ कानाला, आणि डोकं पंख्यापासून लांब. ७०० फेऱ्यांच्या आयडलला प्रत्येक वाल्व मिनिटाला ३५० वेळा उघडतो, सेकंदाला सहाच्या आत. तेवढ्याच लयीत वरून हलकी टिकटिक येत असेल तर टॅपेट ढिले झालेत, म्हणजे वाल्वची फट वाढलीय. थंड असताना टचटच आणि तापल्यावर कमी, शिवाय मॅनिफोल्डच्या जोडाशी काजळीचा डाग, तर गॅस्केट गेलंय. इंजेक्टरची बारीक टकटक जन्मजात; तिला औषध नाही, गरजही नाही. पण खालून, जड, चढाला जोर दिला की वाढणारी ढकढक आली तर बेअरिंग बोलतंय. गाडी तिथेच बंद करा आणि हे मार्गदर्शन मिटून ठेवा.

आणि हो, कान लावण्याआधी ऑइलची पट्टी काढून बघा. पट्टीवर ऑइलच नसेल, तर अर्ध्या जिल्ह्याचे सल्ले वाया गेले. ऑइल दुधाळ, भुरकट दिसलं तर आत पाणी आहे. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत बुडालेल्या गाड्यांमधून असंच ऑइल निघत होतं. अशा इंजिनाला स्टार्टर मारायचाच नसतो.

टॅपेटच निघाले तर मिस्त्रींना बोलवा. इंजिन गार हवं, म्हणजे गाडी रात्रभर उभी हवी. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून ती तशीही रात्रभर उभीच असते. फिलर गेज लागतं. जुन्या सहा सिलिंडरच्या कमिन्सला फट इनटेकला ०.२५ मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.५१; तुमच्या इंजिनाचे आकडे त्याच्या पुस्तकात बघा. मिस्त्री गेज न काढता "हाताला कळतं" म्हणाले, तर त्यांच्या हाताचा मान राखून गेज मागा. खर्च मजुरीचा आणि फार तर कव्हरच्या गॅस्केटचा. तुमच्या आधीच्या बाटल्यांची बेरीज इथे मांडत नाही.

काम झाल्यावर तुम्ही उत्साहाने म्हणाल, अजून जरा आवळा, अजून येतोय आवाज. मिस्त्री भिडस्त असले तर आवळतीलही. इंजिन अगदी शांत होईल, घरचे कौतुक करतील. पण तापल्यावर वाल्वची दांडी वाढते, फटच नसली की वाल्व पुरता मिटत नाही, तापलेला वायू त्याच्या कडेवरून निसटत राहतो आणि कड जळते. हे बहुधा ऐन फेब्रुवारीत होतं, तोडणी भरात आणि गव्हाणीवर गाड्या कमी असताना. तेव्हा आवाज पूर्ण गेला असेल तर आजच मिस्त्रींना फोन करा आणि त्यातला थोडा परत मागून घ्या.