‘पैसे प्राप्त झाले’ विकणाऱ्या भाऊंना

प्रति,
साउंडबॉक्स विक्री प्रतिनिधी, नागपूर.

महोदय,

सकाळी तर्री पोह्याच्या ठेल्यापुढे गर्दी उसळली की नेमके आपण उगवता. ही वेळ साधण्याची कला इतवारीतल्या जुन्या वसुलीवाल्यांनाही जमली नव्हती. पोहेवाल्याच्या एका हातात झारा, दुसऱ्यात चिरलेला कांदा, आणि आपण त्याच्याकडे आधार, पॅन, ओटीपी मागता. तो देतोही. कारण सगळ्या बोलण्यातून त्याच्या कानात शिरलेला शब्द एकच: फ्री.

तेही खोटं नाही. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराकडून एमडीआर, म्हणजे मधल्यांची दलाली, घेता येत नाही. क्यूआरचा कागद फुकट. त्या कागदाला तोंड फुटलं, म्हणजे पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबा आला, की मात्र महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये. वर भाडं खात्यातून परस्पर कापलं जातं, त्याची घोषणा डबा करत नाही. एवढी विनयशीलता हल्ली कुठे दिसते?

डबा कामाचा आहे, हे कबूल. हात तेलकट, फोन गल्ल्यात, आणि समोरचं पोरगं कालचाच स्क्रीनशॉट दाखवून निघालेलं. अशा वेळी तो कर्कश आवाजच पोहेवाल्याची बाजू घेतो. पण सरकारचा हिशेबही आपण त्याला सांगावा. 2024-25 साठी केंद्राने सुमारे 1,500 कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली: छोट्या दुकानदाराच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या भीम-यूपीआय व्यवहारामागे 0.15 टक्के. तीस रुपयांच्या प्लेटमागे साडेचार पैसे. तेही बँका आणि कंपन्यांना, पोहे करणाऱ्याला नव्हे. त्याच्या शंभर रुपये भाड्याइतकी रक्कम जमायला 2,200 हून जास्त प्लेटा खपायला हव्यात. बाप्पा!

नागपूरला डिजिटल पैशांच्या बाबतीत कुणी मागास म्हणू नये. 14 एप्रिल 2017 ला, बाबासाहेबांच्या जयंतीदिवशी, पंतप्रधानांनी भीम-आधारचं उद्घाटन इथेच, मानकापूरला केलं. गिऱ्हाइकाने अंगठा टेकवायचा, पैसे दुकानदाराच्या खात्यात. अंगठाबहाद्दर ही शिवी त्या दिवशी पदवी झाली. भीम ॲप दुसऱ्याच्या गळी उतरवणाऱ्याला माणशी दहा रुपये बक्षीसही जाहीर झालं. म्हणजे आपल्या कमिशनची परंपरा थेट मानकापूरच्या मंचापर्यंत जाते. आज कुठल्या किराणा दुकानात ते अंगठ्याचं यंत्र दिसतं, हे मात्र आपणच फिरता फिरता पाहून घ्यावं.

आणि मे 2025 मध्ये विदर्भातल्या पेट्रोल पंपचालकांनी 10 मेपासून डिजिटल पैसे न घेण्याचा इशारा दिला, तेव्हा आपण कोणत्या गल्लीत होता? फसवणुकीच्या पैशातून कुणी टाकी भरली, की तक्रारीनंतर पंपाचं खातं गोठायचं. पंपवाल्यांची निदान संघटना आहे. पोहेवाल्याचं खातं गोठलं, तर तो आपल्याला फोन लावेल. तोवर आपली बदली अमरावतीला झालेली असेल.

आपल्या सहा महिने जुन्या गिऱ्हाइकाच्या वतीने,
एक पोहेखाऊ

ता. क. : त्याच्या ठेल्यावर आता तीन कंपन्यांचे तीन डबे आहेत. बोलतो एकच. ‘बाकीचे दोन काहून ठेवले भाऊ?’ असं विचारलं, तर म्हणाला, ‘परत न्यायला कोणी येतच नाही ना!’ भाडं तिन्हींचं चालू आहे.