खड्ड्यापुढचा ब्रेक

गेल्या महिन्यात पार्किंगमध्ये कुणीतरी माझ्या गाडीचा मागचा बंपर चेपून गेलं. पूर्वी विमा कंपनीचे सर्व्हेअर यायचे. गॅरेजवाल्याचा कटिंग चहा घ्यायचे, बंपरवर बोट फिरवायचे आणि ‘निम्मे धरू’ म्हणायचे. घासाघीस तरी करता यायची! आता नुकसान 50,000 रुपयांच्या आतलं असलं की अ‍ॅपच म्हणतं, फोटो काढा. काढले. ‘प्रकाश अपुरा.’ पुन्हा काढले. मग निकाल लागला: चेप जुनी, गंज चढलेला. बंपरवर गुलमोहराची सावली पडली होती, एवढंच. आणि बंपर प्लास्टिकचा.

जुलै 2022मध्ये विमा नियामकाने ‘जशी चालवाल तसा हप्ता’ या अ‍ॅड-ऑनला परवानगी दिली. कल्पना झकास. गचकन ब्रेक मारलात की तुमचे गुण कापले. पण हे गणित ज्याने बसवलं तो पावसाळ्यात पुण्यातून फिरलेला दिसत नाही. खड्ड्यापुढे ब्रेक मारला तर मी बेदरकार. नाही मारला तर सस्पेन्शनचं बिल माझं.

तिकडे अमेरिकेत विमानातून, ड्रोनमधून छपरांचे फोटो काढून यंत्राला दाखवतात. शेवाळ दिसलं की घराची पॉलिसी पुढे चालू राहीलच असं नाही. (हे कोकणात आलं तर कौलारू घर एक वाचायचं नाही.)

तक्रारीला चॅटबॉट आहे, अत्यंत अदबशीर. ‘मला माणसाशी बोलायचंय,’ मी लिहिलं.

‘कृपया माणसाचे चारही बाजूंनी फोटो अपलोड करा.’