भाडेकरू स्वतःहून जातो तेव्हा : घरमालकासाठी कार्यपद्धती

मुदत संपण्याआधी भाडेकरूने घर सोडणे ही महाराष्ट्रातल्या घरमालकावर येणारी तशी नवी आपत्ती आहे. १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि पुढची पन्नासेक वर्षे घरमालकाला एकच धास्ती होती, ती म्हणजे भाडेकरू जाणार नाही. तो जातही नसे. तो वारला की मुलगा राही, मुलानंतर नातू, आणि भाडे मात्र आजोबांच्याच काळातले राही. काही घरमालकांनी 'भाडे' हा शब्दच टाळून लायसन्स दिले, तर १९७३च्या दुरुस्तीने त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. या फटक्यांतून शहाणा होऊन घरमालकाने अकरा महिन्यांचा करार आणला, अंगठ्यांचे ठसे आणले, मुदतीनंतर राहिल्यास दुप्पट आकाराचे कलम आणले. ही सगळी तटबंदी न हलणाऱ्याला हलवण्यासाठी आहे. जो आपणहून टेम्पो बोलावतो त्याच्यापुढे तिच्या तोफांची तोंडे नेमकी उलट्या दिशेला असतात.

संकटाचे पहिले लक्षण म्हणजे भाडेकरूच्या वागण्यात एकाएकी आलेली नम्रता. तीन महिने जो फक्त 'भाडं पाठवलंय' एवढेच कळवत होता, तो रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर 'काका, नमस्कार. जरा बोलायचं होतं' असे लिहितो. 'जरा बोलायचं होतं' असे म्हणून पुण्यात आजवर कोणी भाडे वाढवून घ्या अशी विनंती केलेली नाही. मग कारण येते : कंपनीने बंगळुरूला बोलावले, लग्न ठरले, ऑनसाइट मिळाले, घरूनच काम सुरू झाले, किंवा सोसायटीत टँकरचे पाणी पुरत नाही. कारण ऐकून घ्यावे, अभिनंदनाचे असल्यास अभिनंदनही करावे. हिशेबात त्याचा उपयोग नसतो, शेवटचे सोडून. पाण्याची अडचण लेखी आली तर ती पुढे घरमालकाविरुद्ध वापरली जाऊ शकते, म्हणून त्यावर अंगठा दाखवणारे चित्र पाठवू नये.

यानंतर करार शोधावा. तो कपाटात लॉकरची किल्ली, गॅसचे कार्ड आणि मुलाची दहावीची गुणपत्रिका यांच्या सहवासात असल्याची घरमालकाची खात्री असते. प्रत्यक्षात तो एजंटने पाठवलेल्या मेलमध्ये न उघडलेल्या पीडीएफच्या रूपात असतो. नोंदणी झाली आहे का, हे सर्वात आधी पाहावे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय तसा करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. नोंदणीचा खर्च वाचवलेल्या घरमालकाने त्यामुळे यापुढची सर्व बोलणी हळू आवाजात करावीत.

अकरा महिन्यांच्या आकड्याबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. १९०८च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून कोणीतरी एक महिना कमी केला. महाराष्ट्रात आता अकरा काय आणि एक काय, नोंदणी करावीच लागते. तरी अकराचा आकडा टिकून आहे, सव्वा रुपयाच्या दक्षिणेतल्या पावलीसारखा : चलनात उरली नाही, पण वगळायला कोणी धजत नाही.

कराराची तीन कलमे वाचायची असतात : मुदत, लॉक-इन आणि नोटीस. लॉक-इन संपले असेल आणि भाडेकरूने ठरल्याप्रमाणे महिन्याची नोटीस दिली असेल, तर त्याने काहीही मोडलेले नाही. घरमालकाला वाटत असलेला विश्वासघात ही भावना आहे आणि तिच्यावर भरपाई मिळत नाही. खरा प्रश्न लॉक-इनच्या आत निघालेल्याचा. समजा, भाडे पंचवीस हजार, डिपॉझिट पंचाहत्तर हजार, लॉक-इन सहा महिन्यांचे, आणि गृहस्थ चौथा महिना संपताना निघाला. घरमालकाच्या डोक्यात उरलेल्या सात महिन्यांचे पावणेदोन लाख तयार होतात आणि त्याच रात्री नव्या फ्रिजची चर्चाही होते. करारात लॉक-इनपुरतेच भाडे लिहिलेले असल्याने सकाळपर्यंत रक्कम पन्नास हजारांवर येते. त्यानंतर वकील भेटतो.

वकील १८७२चा भारतीय करार कायदा काढतो. त्याचे चौऱ्याहत्तरावे कलम सांगते की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा. कैलाशनाथ असोसिएट्सच्या खटल्यात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने नुकसान झालेले असल्याखेरीज या कलमाखाली भरपाई नाही, हे स्पष्ट केले. त्र्याहत्तराव्या कलमाच्या स्पष्टीकरणात तर नुकसान मोजताना ते टाळण्याची कोणती साधने हाताशी होती हेही पाहावे असे लिहिले आहे. म्हणजे घराला कुलूप घालून, गेलेल्या माणसाच्या नावाने दरमहा पंचवीस हजार मोजत बसणे हा उद्योग कायद्याला पसंत नाही. वीस दिवसांत दुसरा भाडेकरू मिळाला तर नुकसान साधारण वीस दिवसांचे आणि एजंटच्या दलालीचे. ज्या कायद्याखाली हे चालते तो लोकमान्य टिळकांच्या कॉलेजात जाण्याच्याही आधीचा आहे, तेव्हा 'आजकाल सगळे कायदे भाडेकरूच्या बाजूने झालेत' ही तक्रार इथे लागू पडत नाही.

तेव्हा एजंटला फोन करणे हे एक प्रकारचे कायद्याचे पालनच होय. त्याला बातमी आधीच असते, कारण भाडेकरूने त्याला घरमालकाच्या आधी कळवलेले असते. दुसरे घर किंवा आपल्या जागी दुसरा माणूस शोधण्यासाठी. घर दाखवण्याच्या काळात जाणाऱ्या भाडेकरूशी संबंध गोड ठेवावेत. उत्तम विक्रेता तोच. 'दुपारी वारा छान येतो' हे वाक्य एजंटच्या तोंडी कोणी ऐकत नाही, राहणाऱ्याच्या तोंडी पटते. डिपॉझिट कापण्याची धमकी मिळालेला भाडेकरू मात्र पाहायला आलेल्या जोडप्याला न विचारता बाथरूमच्या छताकडे घेऊन जातो आणि ओल कुठून कुठपर्यंत आली ते बोटाने दाखवतो. धमकी द्यायचीच असेल तर नव्या माणसाने टोकन दिल्यावर द्यावी.

ताबा घेण्याचा दिवस शक्यतो रविवार असतो. घरमालक सपत्नीक येतो. नळ सोडून पाहिले जातात, गिझर लावला जातो, कमोडच्या टाकीचे झाकण उचलले जाते, ते नक्की कशासाठी हे उचलणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग खिळे. हॉलमध्ये चार, बेडरूममध्ये सात, आणि दाराच्या चौकटीवर तोरणाचे दोन. प्रत्येकी किती कापायचे यावर नजरेने मसलत चालू असतानाच भाडेकरू फोन काढतो आणि राहायला आल्या दिवशी काढलेला व्हिडिओ लावतो. त्यात हॉलमधले चारही खिळे दिसतात. एकावर घरमालकाच्या वडिलांचा फोटो होता, त्याची चौकोनी पांढरी खूणही दिसते. इथून पुढे कपात फक्त रंगावर उरते. राहण्याने होणारी सामान्य झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही, पण रंगाची रक्कम करारातच ठरलेली असेल तर ती बोलून घ्यावी.

हिशेब कागदावर करावा : महावितरणच्या मीटरचा त्या दिवशीचा फोटो, पाइप गॅसचे बिल, थकलेले भाडे, लॉक-इनची वाजवी भरपाई, आणि उरलेले परत. इथे एक अडचण उद्भवते जिच्याबद्दल करारात कलम नसते. डिपॉझिट ही ठेव आहे, उत्पन्न नव्हे, हे सर्वांना माहीत असते. तरी ते बहुधा मुलाच्या दुचाकीत किंवा गावच्या घराच्या पत्र्यांत गुंतलेले असते. लॉक-इनबद्दल घरमालक ताठर का झाला याचे खरे स्पष्टीकरण अनेकदा त्या पत्र्यांवर मिळते. अशा वेळी तत्त्वाचा मुद्दा न काढता नव्या भाडेकरूच्या डिपॉझिटमधून जुन्याचे द्यावे. राज्यभर ही पद्धत रूढ आहे.

काही उपाय वर्ज्य आहेत. पाणी किंवा वीज तोडण्यास १९९९च्या कायद्याची मनाई आहे, आणि निघालेल्या माणसाचे पाणी तोडल्याने तो लवकर निघतो, एवढाच परिणाम होतो. सामान अडवून ठेवू नये; सोसायटीच्या सेक्रेटरीकरवी टेम्पो गेटवर थांबवण्याची चाल लोकप्रिय असली तरी कपाट आणि गादी ही भरपाईची तारणे नव्हेत. भाडेकरूच्या लातूरच्या वडिलांना फोन करणे कायद्यात कुठेही बसत नाही, मात्र परिणामाच्या बाबतीत तो वकिलाच्या नोटिशीहून वरचढ ठरतो.

दावा लावायचाच झाला तर भाडे नियंत्रण कायद्याखालचा सक्षम प्राधिकारी कामाचा नाही. तो घर रिकामे करून देतो, आणि ते तर झालेलेच असते. पैशासाठी दिवाणी दावा, तोही तीन वर्षांच्या आत. परंतु पंचाहत्तर हजार आधीच घरमालकाच्या हातात असतात, त्यामुळे कोर्टाची पायरी चढण्याची पाळी बहुतेक वेळा भाडेकरूवर येते. घरमालकाचे सामर्थ्य म्हणतात ते हेच. ते वाजवीपेक्षा जास्त ताणले की समोरून नोटीस येते आणि मग कमोडच्या झाकणाचा पंचनामा वकिलांच्या भाषेत वाचावा लागतो.

शेवटी एक पानी पत्र करावे : ताबा अमुक तारखेला परत मिळाला, हिशेब पूर्ण, कोणाचे कोणाकडे येणे नाही. दोघांच्या सह्या. किल्ल्या मोजून घ्याव्यात. दिल्या होत्या तीन, परत येतात दोन. तिसरी कामवाल्या मावशींकडे असते आणि त्या सोमवारी येतात. सोसायटीला आणि पोलीस ठाण्याला कळवावे.

नव्या करारासाठी एजंट जुनीच फाइल उघडून नावे बदलतो. या वेळी लॉक-इन पूर्ण अकरा महिन्यांचे घाला, असे घरमालक बजावतो. नवा भाडेकरू न वाचता अंगठा देतो, हॉलमध्ये येऊन उभा राहतो आणि भिंतीकडे पाहत विचारतो, "काका, इथे एक खिळा मारला तर चालेल ना?"