नाक उचलणाऱ्या मोटारीचा हिवाळा

महागड्या स्पोर्ट्‌स मोटारीच्या ऋतुचर्येत जर्मनी आणि पुण्यातील बिबवेवाडी यांचा क्रम नेमका उलटा आढळतो. जर्मनीत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात व त्याने पत्रा गंजतो, शिवाय तापमान सुमारे 7 अंशांखाली उतरले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊन पकड सैल पडते. म्हणून तेथील अनेक मालक ऑक्टोबरात ही गाडी झाकतात ती ईस्टरलाच उघडतात. बिबवेवाडीत ती पावसाळाभर खड्ड्यांच्या धास्तीने सोसायटीच्या तळघरात दडून बसते आणि दिवाळी सरली की हवा खायला निघते. पुण्याच्या थंडीचा नीचांक 1.7 अंश, तोही 1935 च्या जानेवारीतला; तरीही गाडीचे स्टिअरिंग तापते आणि मालकाच्या गळ्यात मफलर असतोच.

मात्र या गाडीचा खरा अभ्यासविषय म्हणजे नाक उचलण्याचे बटण. गाडीचे पोट आणि रस्ता यांतील अंतराला ग्राउंड क्लिअरन्स म्हणतात व ते येथे जेमतेम चार-साडेचार इंच असते. बटण दाबले की पुढचा भाग आणखी सुमारे दीड इंच वर येतो. रस्तेबांधणीच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटीमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद, म्हणजे ऐसपैस व उताराचा असावा. बिबवेवाडीतील जात निराळी. ती उरलेल्या डांबरातून एका रात्रीत जन्मते आणि तिला उंची असते, रुंदी नसते.

पुष्पमंगल चौकातून अप्पर इंदिरानगरकडे जाताना असा गतिरोधक आला की विधी सुरू होतो: गाडी थांबते, बटण दाबले जाते, नाक सावकाश वर येते, तेवढ्याने भागत नाही म्हणून शेजारचा माणूस खाली उतरतो, उकिडवा बसून पोटाखाली पाहतो आणि पानटपरीवरील तज्ज्ञांच्या साथीने ‘येऊ द्या, येऊ द्या, बास!’ असा गजर करतो, मग एकेक चाक चढावे म्हणून गाडी तिरकी होऊन दोन्ही बाजूंचा रस्ता अडवते, मागे अप्परची बस, तिच्यामागे मार्केट यार्डातून गूळ भरून निघालेला टेम्पो आणि त्याच्यामागे वरातीचा घोडा असा लवाजमा जमतो, आणि ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणारे हे यंत्र घोड्याच्या नजरेदेखत गोगलगायीला मागे टाकण्याचा प्रयत्न करते. काही गाड्या तर उपग्रहाच्या मदतीने अशा जागा लक्षात ठेवून पुढच्या वेळी आपणहून नाक उचलतात. ही स्मरणशक्ती येथे फुकट जाते, कारण पावसाळा संपताच खोदाईचा हंगाम लागतो, केबलसाठी जुना गतिरोधक उखडला जातो आणि नवा दहा पावलांवर उगवतो. गाडी मोकळ्या जागी अदबीने नाक उचलते व खऱ्या उंचवट्यावर पोट खरवडून घेते.

‘एवढा टॅक्स भरतो, रस्ता कुठे आहे?’ असा मालकाचा सवाल असतो आणि तो अगदी रास्त आहे. परंतु रस्ता मागणाऱ्या या गृहस्थाने बटणाचा सर्वोत्तम उपयोग शोधला आहे तो गतिरोधकावर नव्हे, तर हॉटेलासमोरच्या पदपथावर गाडी चढवण्यासाठी. पदपथाची कड 15 सेंटीमीटरहून उंच नसावी असे मानक सांगते. प्रत्यक्षात ती जागोजागी गुडघ्याला येते, गाडी तेवढी सखल जागा हुडकून वर चढते, आणि गुडघे दुखणाऱ्या आजींना मात्र चढायला कोणी बटण बसवून दिलेले नाही, ना कर घेणाऱ्यांनी, ना कराची पावती नाचवणाऱ्यांनी. ही निव्वळ बेशरमी आहे, तिला शास्त्रीय नाव शोधण्याची गरज नाही. आजी मुकाट्याने त्या गाडीला वळसा घालून भर रस्त्यातून चालू लागतात, आणि मागून येणारी बस हॉर्न वाजवते तो आजींना.