चाहत्यांची बिनपगारी पलटण

पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीचा 'इंडस' हा बॅटल रोयाल, म्हणजे शेवटी उरेल तो जिंकेल अशा धाटणीचा मोबाइल-खेळ, ऑक्टोबर 2024 मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याच्या पूर्वनोंदणीचा, अर्थात खेळ पाहण्याआधीच नाव घालून ठेवणाऱ्यांचा, आकडा कोटीपुढे गेला होता आणि तो आकडाच जाहिरात झाला होता. चाहत्यांना प्रचारात घ्यावे का, ही चर्चा त्यामुळे वरात निघाल्यावर मुहूर्त काढण्यासारखी आहे. वरवट बकालसारख्या गावातल्या एखाद्या तरुणाने स्वतःचा डेटा खर्चून मित्रांना अशा खेळाचे दुवे धाडले, तर त्याला फार तर 'स्किन', म्हणजे पडद्यावरच्या बंदुकीचा नवा रंग, मिळतो. त्याच शिवारातला कापूस वेचणारा मजूर मात्र किलोमागे दर ठरल्याशिवाय कामाला लागत नाही.