छत्रीआबा

टीव्ही बिघडला की छपरावर कोणीही चढतो. टीव्ही उत्तम चालू असताना चढायला आबाच लागतात.

गेल्या चतुर्थीला ते आमच्याकडे आले ते गणपती बघायला. मखराचं कौतुक केलं, नमस्कार केला, मोदक तोंडात टाकला, आणि तेवढ्यात त्यांची नजर ओटीवरच्या टीव्हीकडे गेली. बातम्या लागल्या होत्या. चित्र इतकं स्वच्छ की निवेदिकेच्या कपाळावरचा घाम दिसावा.

"क्वालिटी किती हा?" आबांनी विचारलं.

पुतण्याने भाबडेपणाने रिमोटवर मेनू उघडला. "सत्तर."

"वायच कमी हा," आबा म्हणाले आणि लेंग्याचे पाय दुमडायला लागले.

लेंग्याचे पाय दुमडले की त्यांना अडवता येत नाही. शिडी कुठे असते हे त्यांना घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. पुढची आरती आम्ही अशी केली : देवापुढे झांजा, वर कौलांची कुरकुर, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी छपरावरून "किती?" आणि ओटीवरून "अडुसष्ट!" मुंबईहून आलेल्या पुतण्याने हे आकडे हळूहळू ठेक्यात बसवले. 'नो सिग्नल' तो इतक्या उंच पट्टीत म्हणाला की भटजींनी डोळे उघडले. मंत्रपुष्पांजली संपली तेव्हा क्वालिटी एकाहत्तर झाली होती. एक टक्का वाढला, कौलं फुटली त्याचा हिशेब वेगळा.

डिशला आमच्याकडे छत्री म्हणतात, म्हणून हे छत्रीआबा. पाऊस पडायला लागला की मिटून बसणारी जगातली ही एकच छत्री. त्याचं कारण आबांना विचारू नये, कारण ते सांगतात. उपग्रहाकडून येणाऱ्या या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर. कोकणातल्या पावसाचे जाड थेंब त्यांना वाटेतच गिळतात. हे आबा सांगतात ते मात्र असं : "वरसून पाठवतत बरोबर. मदी पावस खाता." आणि मग भर आषाढात, सरी कोसळत असताना, इरलं घेऊन ते छत्री फिरवायला चढतात. ढगांच्या आडचा उपग्रह वायच बाजूला होऊन दिसेल अशी त्यांची समजूत असावी.

आमच्या कट्टा बाजारपेठेत तुम्ही कधी कसाल-मालवण एसटीतून उतरला असाल, तर मान वर करून चालणारा एक म्हातारा तुम्ही पाहिला असेल. तो पाखरं बघत नव्हता. कोणाची छत्री किती वाकली आहे ते बघत होता.

हा आजार जुना आहे. १९८७च्या जानेवारीत दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं आणि आबांना अवतारकार्य सापडलं. आमच्या वाडीत टीव्ही एकच, तोही काळा-पांढरा. सुरूच्या उंच वाशावर बांगड्याच्या काट्यासारखी अँटेना, तिच्याखाली बूस्टर, आणि वासा धरून कौलांवर बसलेले आबा. त्या अँटेनाची रचना १९२६मध्ये जपानात यागी आणि उदा या दोघांनी मांडली. आबांना हे कुठूनसं कळलं होतं. वाऱ्याने ती फिरली की ते "जपान्याचो काटो वाकडो झालो" असं म्हणत.

अँटेनाचं तोंड पणजीकडे हवं, असं त्यांचं म्हणणं. पणजी नेमकी कुठे याबद्दल मात्र त्यांचं मत दर रविवारी बदलायचं. छपरावर आबा, खळ्यात एक पोरगा, पडवीत काकी, आणि ओटीवर टीव्हीसमोर सगळी वाडी. मुंग्या जाऊन चित्र आलं की ओटीवरचे ओरडत, "इला!" काकी पोराला सांगे, "इला!" पोरगा वर ओरडे, "इला आबानू!" एवढ्यात आबांनी वासा आणखी फिरवलेला असे. खालून "गेला!" निघे, तो वर पोहोचेपर्यंत चित्र परत आलेलं असे, आणि गेलं समजून आबा ते पुन्हा घालवत. समजा सगळं जुळलं, सगळ्यांनी एका सुरात "हात लावू नकात!" म्हणून आकांत केला, तरी वरून शांतपणे उत्तर येई, "वायच!"

त्यामुळे आमच्या वाडीने सीताहरण पाहिलेलंच नाही. रावण दारात आला तेव्हा आबा वायच फिरवत होते. चित्र परतलं तेव्हा राम रडत होते.

मधल्या केबलच्या काळात आबा निस्तेज झाले. दर महिन्याला पैसे न्यायला येणारा पोरगा वायर जोडून जायचा आणि छपरावर कोणाचं काही काम नसायचं. मग २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकट डिशसेवा सुरू झाली. महिन्याचं भाडं नाही, एकदा छत्री आणि डबा घेतला की झालं. आबांनी गावात तिचा प्रचार असा केला की जणू ती त्यांनीच मंजूर करून आणली.

आता त्यांना दिशा मिळाली होती आणि तीही पक्की. या सेवेचा सध्याचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे छत्तीस हजार किलोमीटरवर, ९३.५ अंश पूर्वेला टांगलेला. कट्ट्यातून बघाल तर आग्नेयेला, क्षितिजापासून साठेक अंश वर. छपरावर छत्री एक अंश चुकली की तिकडे आभाळात सहाशेहून जास्त किलोमीटर चुकतात. म्हणजे कट्ट्याहून निघून मुंबई गाठाल आणि पुढेही जाल. इतकं नाजूक काम मोबाईलवरच्या होकायंत्राने करणाऱ्यांचा आबांना राग येतो. त्यांच्या खुणा वेगळ्या : अमक्याकडे विजेच्या खांबाच्या डाव्या अंगाला, तमक्याकडे माडाच्या शेंड्याच्या हातभर उजवीकडे. वादळात माड पडला की त्या घराची दिशा हरवते.

शेजारच्या घरी खूण म्हणून निवडला फणस. तो चुलत्याच्या वाट्याला. चुलत्याने तक्रार केली की ह्यांची छत्री रात्रंदिवस माझ्या फणसाकडे बघते. आबांनी त्याला खळ्यात बसवून समजावलं : ही छत्री दिसते तशी बघत नाही, तिचं तोंड खाली वाटतं पण ती घेते बऱ्याच वरून, फणसाच्या डोक्यावरून. हे अगदी खरं होतं. पण फणसालाही डोकं असतं आणि ते वाढतं. काही वर्षांत फांदी उपग्रहाच्या आड आली. फांदी तोडायची तर झाड सामायिक निघालं, सातबाऱ्यावर नावांची ही माळ. एक हिस्सेदार विरारला, एक बडोद्याला, एक कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. भारत सरकारने रॉकेट लावून उपग्रह वर नेला. कोकणातल्या सामायिक फणसाची फांदी तोडून दाखवावी! शेवटी आबांनी छत्रीच हलवली. ती आधी गडग्यावर आली, मग गोठ्यावर, आणि आता न्हाणीघराच्या पत्र्यावर आहे. वायर घराला प्रदक्षिणा घालून ओटीवर येते. माकडं तिच्यावर झोके घेतात आणि आबा त्यांना नावं ठेवतात, बहुतेक एकमेकांच्या धंद्याचा राग असावा.

या सगळ्याचे ते पैसे घेत नाहीत. कोरी चाय घेतात आणि निघताना आपली पक्कड तुमच्याकडे विसरतात. दुसऱ्या दिवशी ती न्यायला यायचं, आणि आल्यावर सहज विचारायचं, "क्वालिटी किती हा?"

हे चीड आणणारं आहे, यात वाद नाही. पण आबा मुळात कट्ट्यात राहायला आलेच नव्हते. ते लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, तेव्हा पंचविशी ओलांडलेला हा माणूस खोलीवरच्या मित्रांना सांगून निघाला, "संप मिटासर वायच गावाक जावन येतंय." तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, आणि आबांचं वायच जाऊन येणं चाळीस वर्षं उलटली तरी संपलेलं नाही. साच्यावर धागा तुटला की आवाज बदलतो आणि तो कानाला आधी कळतो, असं ते कधीतरी सांगतात. मग आपणहून विषय बदलतात.

२०२१च्या मेमध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेलं. कितीतरी दिवस वीज नव्हती. खांब उभे राहिले, दिवे आले, आणि लोक कौलं शोधायला लागले. आबा शिडी घेऊन वाडीवाडीतून फिरत होते. ज्या घरांत माणसं होती तिथे त्यांना चहा मिळाला. पण ज्या घरांना कुलूप आहे, जी गणपतीत आठ दिवस उघडतात आणि एरवी ज्यांच्या अंगणात तण वाढतं, त्यांच्याही छत्र्या त्यांनी सरळ केल्या. किल्ल्या त्यांच्याकडे असतात. आत जाऊन टीव्ही लावतात, मेनू उघडतात, आकडा बघतात आणि पुन्हा वर चढतात. वरून "किती?" विचारायची सोय नसते, म्हणून दर वायचमागे स्वतःच खाली उतरून बघतात. बघणारं कोणी नसलेल्या ओटीवर त्या दिवसांत सह्याद्री वाहिनी एकाहत्तर टक्क्यांनी दिसत होती.

आता पोरं ओटीवर बसून मोबाईलवर सगळं बघतात. मोबाईलला छप्पर लागत नाही, म्हणून आबांना त्याच्याविषयी फारसा आदर नाही.

तेव्हा कट्ट्याकडच्या चाकरमान्यांनो, चतुर्थीला आलात आणि टीव्ही पहिल्या बटणाला लागला, तर ते डबा बनवणाऱ्या कंपनीचं कौतुक समजू नका. आबांच्या हातात पैसे ठेवू नका, ते रागावतात. येताना चांगल्या वायरचं एक भेंडोळं आणा. आणि ते छपरावर गेले की आरती सोडून कोणीतरी एकाने शिडी धरून उभं राहा. माणूस सत्तरीचा आहे आणि भाद्रपदात कौलांवर शेवाळ असतं.